बघायला नेमलेली

रोज सकाळी दार उघडून ती अंगणात यायची, वाऱ्याकडे पाठ करून उभी राहायची आणि डावा हात खांद्याच्या रेषेत पसरायची. क्षणभर तशीच. मग हात खाली, विस्कटलेले केस कानामागे, आणि आत जाऊन कामाला सुरुवात. वारा पाठीवर घेतला की हवेचा दाब जिथे कमी असतो ती दिशा डाव्या हाताला येते, आणि वादळ जमतं ते तिकडेच, असं तिला वेधशाळेच्या जुन्या निरीक्षकाने शिकवलं होतं. आत टांगलेली यंत्रं हेच अधिक नेमकं सांगत. पण यंत्रांना विचारण्याआधी आपण एकदा विचारून घ्यावं, अशी तिची रीत होती. वारा पाहून पाठ द्यावी, ही म्हण लोक शहाणपण म्हणून सांगतात. तिची तर ती नोकरीच होती.

खालच्या रस्त्याने धक्क्याकडे जाणारे मच्छीमार मान वर करून बघत.

"आज कुणाला रस्ता दाखवताय, वेधताई?"

"तुम्हालाच. सरळ घरी जा आणि अंघोळ करा."

वेधशाळा टेकडीवर होती. मागे राहायच्या दोन खोल्या, पुढे कचेरी, अंगणात मधमाश्यांच्या घरासारखी झडपांची पांढरी पेटी, तिच्यात तापमापक. पाऱ्याचा वायुभारमापक एका अंधाऱ्या खोलीत असे. तिथे शेगडी ठेवायची नाही, जास्त वेळ उभंही राहायचं नाही, कारण माणसाच्या अंगाच्या उबेनेही पारा फसतो. थंडीत दोन स्वेटर घालून, श्वास रोखून ती आत जायची, आकडा वाचायची आणि बाहेर येऊन लिहायची. आई गेली तेव्हा धाकटा भाऊ तिच्या कमरेएवढा होता. या दोन खोल्यांतच तिने त्याला वाढवलं, खाली धक्क्यावर पोहायला शिकवलं, त्याचं लग्न लावून दिलं. तो मच्छीमार झाला, स्वतःची बोट घेतली, आणि बहिणीचं कधीही न ऐकणारा माणूस म्हणून धक्क्यावर नावाजला गेला.

वेधशाळा केंद्र सरकारची होती, खालचं बंदर प्रांताचं. देशाच्या घटनेत केंद्राच्या कामांची एक यादी होती. सैन्य, चलन, टपाल अशी मोठी मोठी कामं, आणि बऱ्याच खाली एक ओळ: हवामानाची निरीक्षणे घेणे व त्यांची नोंद ठेवणे. यादीच्या शेवटी म्हटलं होतं की ही कामं पार पाडायला जे आवश्यक असेल तेही केंद्राने करावं. उरलेलं सगळं प्रांतांचं. वेधताईला ही ओळ पाठ होती, कारण तिच्या नेमणुकीच्या कागदावर तीच छापली होती. त्या ओळीत काय नाही, याचा विचार करायची वेळ मात्र तिच्यावर कधी आली नव्हती.

मग राजधानीहून हुकूम आला आणि कचेरीच्या गच्चीवर एक उंच लाकडी डोलकाठी उभी राहिली. वादळाची लक्षणं दिसली की काळ्या ताडपत्रीचा मोठा शंकू दोरीने वर चढवायचा, म्हणजे धक्क्यावरून सगळ्यांना दिसेल. आकार शंकूचा असला तरी सगळे त्याला बावटाच म्हणत. किनाऱ्यावरची ही पहिलीच डोलकाठी होती, आणि दोरी वेधताईच्या हातात.

तिने बावटा पहिल्यांदा चढवला तो नेमका प्रांताच्या नव्या प्रवासी लाँचच्या पहिल्या फेरीच्या दिवशी. सकाळपासून पारा उतरत होता. डाव्या हाताच्या दिशेला आकाश गढूळ होतं. खाली धक्क्यावर तोरणं, बँड, पाहुणे. तिने एकदा खाली बघितलं, एकदा पाऱ्याकडे, आणि दोरी ओढली. बँड मध्येच थांबला. पाहुणे एकेक करून लाँचमधून उतरले. मच्छीमारांनी सोडलेले दोर पुन्हा बांधले.

आणि वादळ आलंच नाही. दुपारी वारा वळला, वादळ दूर समुद्रात निघून गेलं आणि संध्याकाळी असं सोनेरी ऊन पडलं की चित्र काढावं.

त्या शांत समुद्रावर दिवसभर एकच बोट होती. धाकट्याची. बावटा बघूनही तो गेला होता आणि बोट काठोकाठ भरून परत आला होता. दुसऱ्या दिवशी त्याने एक हातभर लांब मासा तिच्या पायरीवर आणून ठेवला.

"घे. तुझ्या वादळातून आणलाय."

तिने मासा उचलला नाही. दार लावून घेतलं. त्यानंतर बहीणभावाचं बोलणं बंद झालं.

प्रांताचं डोकं फिरायला एवढं पुरेसं होतं. महिन्याभरात प्रांताने केंद्रावर थेट देशाच्या वरिष्ठ न्यायालयात दावा लावला. म्हणणं सरळ होतं. यादीत निरीक्षण आहे, नोंद आहे. इशारा कुठे आहे? बोटींनी कधी निघावं आणि कधी थांबावं हा बंदराचा प्रश्न, आणि बंदर आमचं. डोलकाठी उतरवा. न्यायालयाने निकाल लागेपर्यंत बावटा चढवायला, किंवा कुठल्याही प्रकारे इशारा द्यायला, मनाई केली.

मनाईचा कागद घेऊन बंदर अधिकारी स्वतः टेकडी चढून आला. गोल, घामाघूम, मनाने वाईट नसलेला माणूस. पाणी पिऊन झाल्यावर तो चाचरत म्हणाला, "आणखी एक, बाई. ते सकाळचं... तुमचं ते हात करणं. त्यावरूनही लोक अंदाज घेतात. तेही नको."

"तो माझा हात आहे, साहेब."

"हात तुमचाच आहे हो. अर्थ लोक काढतात."

दुसऱ्या दिवसापासून ती खिडकीच्या आत उभी राहून वारा अजमावू लागली. रस्त्यावरून जाणारे सवयीने मान वर करायचे. अंगण रिकामं असायचं.

पावसाळा संपता संपता एक दिवस पारा असा खाली आला की तिने दोनदा वाचून बघितला. खाली बोटी निघायच्या तयारीत होत्या. तिने राजधानीला फोन केला. तिथल्या साहेबाने आकडा उतरवून घेतला आणि हळूच म्हणाला, "आपल्याला बघता येतं, बाई. बोलता येत नाही." ती गच्चीवर गेली. दोरीला हात लावला, तशीच उभी राहिली, खाली आली. संध्याकाळी आलेल्या वादळात तीन बोटी खडकांवर आपटून फुटल्या. माणसं पोहून आली, पण जाळी विणणाऱ्या म्हाताऱ्याचा उजवा हात मोडला आणि पुन्हा नीट बसला नाही. तिने त्या दिवशीची नोंद पूर्ण केली. अक्षर नेहमीसारखंच, वळणदार. ते बघून तिला स्वतःचाच राग आला.

त्या दिवसापासून हा दावा तिचा झाला. डोलकाठी उतरली तर आयुष्यभर हेच करायचं होतं: बघायचं, लिहायचं आणि गप्प बसायचं.

केंद्राची बाजू मांडणारी वकीलबाई तिला भेटायला आली. तरुण, हातात उंच टाचांच्या चपला, कारण टेकडी अनवाणी चढली होती. दोघी अंगणात बसल्या. वकीलबाईने स्पष्टच सांगितलं.

"त्यांचा मुद्दा कच्चा नाही, ताई. यादीतल्या कामाच्या ओघाने येणारे अधिकार असतात, ते कोर्ट मानतं. यादीत वायुभारमापक विकत घ्या असं लिहिलेलं नाही, तरी आपण घेतो. ही पेटी रंगवा असं लिहिलेलं नाही, तरी रंगवतो. पण ते म्हणतील, बावटा चढला की बंदर बंद पडतं. म्हणजे हा इशारा नाही, हुकूम आहे. आणि बोटींना हुकूम द्यायचा अधिकार यादीत नाही, ओघातही नाही."

"हुकूम कसा? कुणीही जाऊ शकतं."

"गेलं का कुणी?"

वेधताईने भावाचं नाव घेतलं नाही. चहा घेऊन आलेली भावजय मात्र गप्प बसणाऱ्यांतली नव्हती. नणंदेशी नवऱ्याचं बोलणं बंद असलं तरी तिचं चालू होतं.

"आमचे हे गेले होते की! बावटा डोळ्यांसमोर लटकत होता, तरी गेले. मी ओरडून ओरडून घसा बसवला."

वकीलबाईच्या हातातला कप तसाच राहिला. "कुठे आहेत ते?"

धाकटा घरी नव्हता, आणि पुढचे दोन दिवस सापडलाही नाही. दावा लागल्यापासून त्याने आपली फुशारकी गिळून टाकली होती. सरकारी बावट्याला न जुमानता गेलो हे बाहेर आलं तर बोट जप्त होईल, या भीतीने तो सगळ्यांना सांगत सुटला होता की त्या दिवशी आपण घरात तापाने फणफणत होतो.

शेवटी वेधताई स्वतः वकीलबाईला घेऊन त्याच्या दारात गेली. तो ओट्यावर जाळं सोडवत बसला होता. मान वर न करता म्हणाला, "अडला हरी."

"गाढवाचे पाय धरी. पुढचं मीच म्हणते, म्हणजे गाढव कोण ते तुला कळेल."

आतून भावजय खुदकन हसली.

"मी त्या दिवशी झोपलो होतो," तो म्हणाला.

"झोपला होतात," भावजय आतूनच म्हणाली, "तर त्या टोपल्या काय स्वप्नातून भरून आणल्यात?"

"तू गप गं! कोर्टात उभं राहून सांगू, की सरकारचा बावटा मोडला म्हणून? बोट जाईल माझी. ताईला काय, तिचा पगार चालू राहील."

मागे उभी असलेली वकीलबाई पुढे झाली. "दादा, बावटा मोडता येतच नाही. तोच तर मुद्दा आहे. जो मोडता येतो तो हुकूम. तुम्ही गेलात आणि तुम्हाला काहीही झालं नाही, एवढंच सांगायचं."

धाकट्याला ते पटलं की नाही कळलं नाही. तो बराच वेळ जाळ्यातली एकच गाठ सोडवत राहिला. वेधताईने भाषण केलं नाही. ओट्याच्या कडेला बसून जाळ्याचं दुसरं टोक मांडीवर घेतलं आणि तीही गाठी सोडवायला लागली. लहानपणी त्यानेच गुंतवलेल्या दोऱ्या अशाच सोडवत बसायची ती.

"त्या म्हाताऱ्याचा हात," ती थोड्या वेळाने म्हणाली, "मला दुपारी माहीत होतं रे."

धाकट्याचे हात थांबले.

"गाडीभाडं कोण देणार?" त्याने विचारलं.

राजधानीतलं न्यायालय दगडी, थंड, उंच छताचं होतं. प्रांताचे वकील वयस्क आणि सभ्य होते. त्यांनी आवाज चढवला नाही, म्हणून त्यांचं बोलणं अधिकच खोल गेलं.

"आमच्या पूर्वजांनी यादी का केली?" ते म्हणाले. "उपयोगी असेल ते सगळं केंद्राने करावं, असं एका ओळीत लिहून मोकळे झाले असते. त्यांनी मोजून, तोलून कामं लिहिली, कारण उरलेलं आमच्याकडे राहावं. निरीक्षण म्हणजे बघणं. बघणं तिथेच पूर्ण होतं. आज बावटा चढला. उद्या बंदराला कुलूप लागेल, परवा माशांचे भाव ठरतील. चंचुप्रवेश झाला की मुसळ यायला वेळ लागत नाही, न्यायमूर्ती महाराज."

मग त्यांनी वेधताईला प्रश्न विचारले.

"तुम्ही बावटा चढवलात. वादळ आलं?"

"नाही."

"म्हणजे तुम्ही चुकलात."

"चुकले. वारा वळला."

"धन्यवाद," असं म्हणून ते खाली बसले.

वकीलबाईने धाकट्याला उभं केलं. लग्नातला कोट घालून आलेला धाकटा पिंजऱ्याचा कठडा बोटीच्या कठड्यासारखा धरून उभा राहिला. मधल्या खुर्चीतल्या न्यायमूर्तींनीच त्याला विचारायला सुरुवात केली.

"बावटा दिसला होता तुम्हाला?"

"दिसला होता."

"त्याचा अर्थ ठाऊक होता?"

"धक्क्यावरच्या पोरासोरांनाही ठाऊक आहे, साहेब."

"तरी गेलात? का?"

"बहिणीचं ऐकायची सवय नाही."

मागच्या बाकांवर हशा पिकला. न्यायमूर्तींनी हातानेच शांत केलं, पण त्यांच्याही ओठांचा कोपरा हलला होता.

"कुणी अडवलं? बंदराच्या माणसांनी, वेधशाळेच्या माणसांनी?"

"नाही."

"परत आल्यावर दंड? नोटीस?"

"दंड नाही. बोलणी बसली, पण ती बायकोची."

"आणि तुमच्या बहिणीने? त्या गच्चीवरच असतील."

धाकट्याने एकदा वेधताईकडे बघितलं. "होती. मी वळून बघितलं तेव्हा हात हलवत होती."

"थांबा म्हणून?"

"नाही साहेब. तसा हात नव्हता." त्याने कठडा सोडून हात हलवून दाखवला. "नीट जा म्हणून."

वेधताईने मान खाली घातली. तो हात त्याला दिसला होता, हे तिला आजवर ठाऊक नव्हतं.

प्रांताच्या वकिलांनी त्याला एकच प्रश्न विचारला. "पुन्हा बावटा चढला तर जाल?"

"ते तेव्हा ठरवीन," धाकटा म्हणाला. "ठरवायचं मलाच आहे ना?"



निकाल आला तो एका निवांत, बिनवाऱ्याच्या सकाळी. बंदर अधिकाऱ्याला फोनवर कळला आणि तो पुन्हा एकदा टेकडी चढून आला, या वेळी जवळजवळ धावत. दावा त्याचाच पक्ष हरला होता, पण चेहऱ्यावरून ते कळत नव्हतं. धापा टाकत त्याने पायरीवरच लिहून आणलेलं वाचून दाखवलं. ज्याला बघायला नेमलं, त्याने दिसलेलं सांगणं हे त्या नेमणुकीतच आलं. न सांगितलेली नोंद म्हणजे न केलेलं काम. यादीतल्या कामाला आवश्यक असलेला अधिकार यादीत वेगळा लिहावा लागत नाही. पण सांगणं वेगळं आणि हुकूम वेगळा. बंदर उघडं ठेवायचं की बंद, हे प्रांतच ठरवील. आणि बोट काढायची की नाही, हे बोटीचा मालक. इशाऱ्याचं हे स्वरूप एका साक्षीदाराने तो न मानून पुरेसं स्पष्ट केलं आहे.

"बाई, जिंकलात!"

तोवर बातमी धक्क्यावर पोचली होती. माणसं रस्त्यावर गोळा झाली. जाळी विणणारा म्हातारा डाव्या हाताने टोपी हलवत होता. "बावटा लावा, वेधताई! बावटा!"

ती गच्चीवर आली. दोरी तिथेच होती, ताडपत्री घडी करून ठेवलेली. खालून आरोळ्या वाढल्या. तिने चहूकडे समुद्र बघितला. पाण्यावर सुरकुतीही नव्हती.

"वारा नाही, पारा जागच्या जागी," ती वरून म्हणाली. "बावटा कसला लावू? आनंदाचा बावटा नसतो."

"अगं, आज तरी लाव!" धाकटा ओरडला.

"आज लावला तर उद्या कोण मानेल?"

आणि मग ती खाली उतरून अंगणात आली. सगळ्यांसमोर, त्या नावापुरत्या झुळकीकडे पाठ करून उभी राहिली आणि किती महिन्यांनी डावा हात लांब, सरळ पसरला. मग एका बोटीने भोंगा वाजवला, दुसरीने साथ दिली, आणि बघता बघता सगळा धक्का दणाणून गेला. प्रांताच्या लाँचचा भोंगा सर्वांत मोठा होता. तो कुणी वाजवला याची चौकशी पुढे कुणी केली नाही.

खरा बावटा चढला तो पुढच्या मोसमात. बंदर अधिकाऱ्याने वर बघितलं आणि आपल्या अधिकारात, स्वतःच्या सहीने, बंदर बंद केलं. त्या वेळी वादळ आलं, अगदी सांगितल्यासारखं आलं, छपरं उडवून गेलं. सकाळी एकूण एक बोट दोराला बांधलेली होती. धाकट्याचीसुद्धा. विचारलं तर म्हणाला, इंजिन बिघडलं होतं.

वर्षभरात किनाऱ्यावर ठिकठिकाणी डोलकाठ्या उभ्या राहिल्या. नवे निरीक्षक वेधताईकडे शिकायला येत. ती त्यांना पारा कसा वाचायचा ते शिकवायची आणि बावटा कधी लावू नये ते त्याहून जास्त. धाकट्याने निकालातलं आपल्यावरचं वाक्य पाठ केलं होतं. नवा माणूस भेटला की ऐकवायचा. "देशाच्या कोर्टाने माझं न ऐकणं लिहून ठेवलंय. तुझं काय लिहिलंय?"

निवृत्तीनंतर वेधताई भावाच्या घरी राहायला आली. गुडघे गेले, दिसणं कमी झालं, पण टेकडीच्या बाजूची खोली तिने मागून घेतली. वर आता तिच्याच हाताखाली शिकलेली एक मुलगी होती. शेवटच्या दुखण्यात वेधताई फारसं बोलत नसे. एका संध्याकाळी धाकटा दारातून डोकावला. त्याचेही केस पांढरे झाले होते. पहाटे बोट काढायची म्हटलं की तो संध्याकाळीच धक्क्यावर झोपायला निघून जायचा, तसा निघालेला होता, पण बाहेर जाऊन परत आला होता.

"वर बावटा चढलाय, ताई," तो म्हणाला. "उद्या नाही जात."

तिने डोळे न उघडता मान हलवली.

"मग काय घाई आहे," ती म्हणाली, "जेवूनच घे सगळ्यांबरोबर."